निवळलं की या

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माणसं बसली होती. खाली चपलांचं दुकान, वर पूर्वी टायपिंगचा क्लास चालायचा तो लांबट हॉल. टायपिंग गेलं, टेबलं भंगारात गेली, आणि आता तिथे माई बसत होती. माई डोळ्यातलं जाळं काढते, अशी तिची ख्याती.

वरून एक माणूस सावकाश उतरला. त्याच्या हातात काचेची छोटी बाटली होती, बाटलीत पाणी आणि पाण्यात बोटभर काळा धागा.

"हे बघा! सहा महिने डोळ्यात होतं माझ्या."

बाटली पायरीपायरीनं फिरली. ज्याला दिसत होतं त्यानं पाहिली, ज्याला दिसत नव्हतं त्यानं हातात धरून कपाळाला लावली.

"दुखलं का हो?" माझ्या पुढच्या पायरीवरच्या मुलीनं विचारलं.

"छे! मुंगी चावल्यासारखं. मग एकदम मोकळं."

ती मुलगी कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. वय बावीस-तेवीस असेल. तिचा एक डोळा सारखा पाणावत होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझी तिसरी खेप. दोनदा निवळलं होतं, पुन्हा आलं. माई म्हणते माझंच पथ्य चुकतं."

"तुम्हालाही शुगर आहे?" मी विचारलं.

"आठवीत होते तेव्हापासून. तुम्हाला?"

"मला नाही. याला." मी शेजारच्या माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवलं.

माझा भाऊ मोबाइल दुरुस्त करतो. दिवसभर त्याच्या हातात चिमटा असतो, म्हणून अख्खी गल्ली त्याला चिमट्या म्हणते. घरातही तेच नाव पडलंय. अकराव्या वर्षापासून तो इन्सुलिन घेतो आणि आता चोविशीत आहे. पंधरवड्यापूर्वी दुकानात काम करता करता त्याच्या डाव्या डोळ्यासमोर काळ्या धाग्यांचा गुंता उतरला आणि पाठोपाठ धूर पसरला. त्याला वाटलं भिंगावर घाण आहे. त्यानं भिंग पुसलं, मग डोळा पुसला. मग त्यानं दुकानाचं शटर ओढलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याला घेऊन आई गेली होती. मी प्रयोगशाळेत होते, सुट्टी मिळाली नाही. परत आल्यावर आईनं सांगितलं ते एवढंच, "त्या म्हणाल्या, आत रक्त सांडलंय. निवळलं की या. औषध नाही, थेंब नाही, काही नाही. उंच उशी घ्या म्हणाल्या. उशी हे काय औषध झालं?"

"या वयात कुठे डोळे जातात?" हे ती त्या दिवसापासून दर तासाला म्हणत होती. ज्या घरात डॉक्टर नुसती उशी सांगतात आणि शेजारीण माई सांगते, तिथे कोण जिंकणार हे उघड आहे. मी सोबत आले, कारण चिमट्याला एकट्याला जिना चढवत नव्हता.

आमचा नंबर आला. माई पन्नाशीची, स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांतली, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा. समोर टेबल, त्यावर पाण्याचं काचेचं भांडं आणि ताटलीत कापसाचे ओले बोळे रांगेनं मांडलेले.

"काय दिसतं तुला, बाळा?"

"काळे धागे. आणि धुरासारखं. मान हलवली की तेही हलतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रक्त आहे आत."

माई गर्दीकडे वळली. "ऐकलंत? रक्त म्हणे! रक्ताचा रंग कोणता?"

"लाल!" गर्दी ओरडली.

"तुला लाल दिसतंय का रे?"

"नाही. काळं."

"मग कोणाचं रक्त ते? त्या डॉक्टरांचं असेल!" लोक खदखदून हसले. खरं तर कुठल्याही रंगाच्या वस्तूची सावली काळीच पडते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण हशा संपेपर्यंत माई पुढच्या वाक्यावर पोचली होती. "सुया टोचून घेतोस ना रोज?"

"हो. दिवसातून चार वेळा."

"आणि लोकहो, सुईच्या मागे काय येतं?"

"धागा!"

"हं. वर्षानुवर्षं शरीरात सुया घालायच्या आणि धागा कुठे गेला म्हणून विचारायचं! सुई कमी कर, धागा आपोआप कमी होईल."

इतकं चटपटीत आणि इतकं घातक वाक्य मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तिनं चिमट्याचं डोकं मागे टेकवलं, डोळ्यात भांड्यातलं पाणी सोडलं, तो चुरचुरून कळवळला, तिनं बोळा खालच्या पापणीत दाबून फिरवला आणि दोन बोटांनी ओढत ओढत एक काळा धागा बाहेर काढला. हॉलमध्ये "आहा" झालं.

"जाळ्याचं टोक निघालं. बाकीचं आपोआप सुटेल. पण एक पथ्य. आडवं व्हायचं नाही. खुर्चीत बसूनच झोपायचं. आडवा झालास की जाळं पुन्हा विणलं जाणार, मग मला दोष देऊ नकोस."

चिमट्या पथ्य पाळू लागला. खुर्चीत बसून, मान उशीला टेकवून झोपायचा. आठवड्याभरात धूर विरला. मग एका सकाळी त्यानं उजवा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते सांगितलं. आई रडली. शेजारणीला बोलावलं. शेजारणीनं तिच्या बहिणीला बोलावलं. मलाही आनंद झाला, तो का लपवू? माझ्या भावाला दिसत होतं.

"आता डॉक्टरांकडे जाऊन ये," मी म्हटलं.

"कशाला?" आई म्हणाली. "त्या काय म्हणाल्या होत्या? निवळलं की या. म्हणजे निवळेपर्यंत त्यांना काही करता येत नव्हतं. आता निवळलं. मग जायचं कशाला, मिरवायला?"

"उलट, त्यांचा अर्थ..."

"ताई, राहू दे ना," चिमट्या म्हणाला. "बरं झालंय."

तो विषय तिथे मिटला असता. पण दोन दिवसांनी त्याच्या दुकानात डबा द्यायला गेले तर त्यानं माझ्यासमोर पाण्याची बाटली एका दमात संपवली आणि दुसरी उघडली. इतकी तहान मला ओळखीची होती. तो अकरा वर्षांचा असताना हीच तहान घेऊन आम्ही त्याला दवाखान्यात नेलं होतं.

"दुपारचं इंजेक्शन घेतोस ना?"

तो समोरच्या फोनमधल्या स्क्रूकडे बघत राहिला.

"चिमट्या?"

"दुपारचं सोडलंय फक्त. बाकीची घेतो."

"तू वेडा आहेस का रे? इन्सुलिन म्हणजे तुझ्या शरीरात तयारच होत नाही ती गोष्ट. ती सोडायची म्हणजे श्वास अर्धा घ्यायचा!"

"ओरडू नकोस, गिऱ्हाईक आहे."

मी तिथेच उभी राहिले. गिऱ्हाइकासमोर त्यानं शर्ट वर करून पोटात सुई टोचली, तेव्हाच हलले. तिथून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्या थकलेल्या दिसत होत्या. दिवसाच्या शेवटी थकलेला माणूस वेगळा आणि तेच तेच सांगून थकलेला वेगळा. त्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या.

"बसून झोपला म्हणून निवळलं का?" माईचं सगळं सांगून मी विचारलं. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्याचा गढूळपणा मोजणं हे माझं रोजचं काम. ढवळलेलं पाणी शांत ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी आरशासारखं होतं, हे मी रोज बघते. त्यामुळे माईचं ते पथ्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "दुसरं काय? मीसुद्धा उंच उशी सांगितली होती. रक्त खाली बसतं, काही शोषलं जातं, मधली वाट मोकळी होते."

"मग तो बरा झाला?"

"अहो, नळ फुटून घरात पाणी आलं आणि फरशी वाळली, तर नळ दुरुस्त झाला का?" त्यांनी टेबलावरच्या डोळ्याच्या मोठ्या प्रतिकृतीचं झाकण उघडलं. "हा पडदा. शुगर वर्षानुवर्षं वरखाली झाली की याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. पडदा उपाशी राहतो. उपाशी पडदा नवीन वाहिन्या फुटवतो, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटतात आणि रक्त सांडतं. पुन्हा फुटतात, पुन्हा सांडतं. शेवटी त्यांचे व्रण आकसतात आणि पडदाच ओढून काढतात. मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही."

"त्याला तर काही दुखत नाही."

"पडद्याला दुखणं माहीत नसतं. हीच तर अडचण आहे. दुखलं असतं तर सगळे वेळेवर आले असते."

"आणि उपचार?"

"लेसर. पण लेसरचा किरण रक्तातून आरपार जात नाही. डोळा स्वच्छ झाल्याशिवाय मला पडदा दिसतच नाही. म्हणून म्हटलं, निवळलं की या." त्यांनी झाकण लावलं. "निवळलेले दिवस हीच उपचाराची वेळ. आणि नेमके तेच दिवस लोक बरे झालो म्हणून घरी बसतात. माई मला एका गोष्टीत हरवते. मी काय सांगते ते लोकांना कळत नाही, आणि ती काय सांगते ते चटकन कळतं."

"पुन्हा कधी फुटेल?"

"आज. पुढच्या महिन्यात. शिंकताना. मला विचारू नका, त्याला घेऊन या."

आता मला वाटलं, काम सोपं आहे. माई खोटी ठरली की चिमट्या जिना उतरेल आणि दवाखान्याचा जिना चढेल. विज्ञान शिकलेल्या माणसांना असं नेहमीच वाटतं.

आमच्या पंपहाऊसमध्ये एक काका आहेत. तरुणपणी लोखंड घासताना ठिणगी उडून त्यांचा उजवा डोळा गेला. तिथे काचेचा डोळा आहे, इतका हुबेहूब की नवीन माणसाला महिनाभर कळत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे मी जाळं दिसतं म्हणून सांगायचं?"

"हो. उजव्या डोळ्यात."

"सांगतो की. खोटं बोलायला मला काय शिकवणी लावायला पाहिजे?"

त्या दिवशी चिमट्याही आला होता. माईला नवीन भिंग भेट द्यायला. काज-बटणवाली मुलगी पुढच्या रांगेत होती, पुन्हा.

काका खुर्चीत बसले. "उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही हो, माई. अगदी काळोख."

माईनं पापणी ओढून पाहिलं. "किती वर्षं?"

"तीसेक झाली असतील."

"अरे अरे अरे. जाळं जुनं आहे. मुळं धरलीत त्यानं." मग गर्दीकडे बघून, "जुनं जाळं चिवट असतं, लोकहो. डॉक्टर याला हात लावत नाहीत!"

"नाही लावत," काका गंभीरपणे म्हणाले.

तिनं पाणी सोडलं. काका हलले नाहीत. तिनं बोळा दाबला. काका हलले नाहीत.

"बघा, काय धीराचा माणूस! पापणीसुद्धा लवली नाही!" माई म्हणाली आणि लांबच लांब काळा धागा ओढून वर धरला. "आता थोडं थोडं दिसायला लागलं असेल. उजेड जाणवतो का?"

"आतून बघितल्याशिवाय कसं कळणार?" काका म्हणाले. त्यांनी खालची पापणी दाबली, डोळा तळहातावर घेतला आणि टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यात अलगद सोडला. "तुम्हीच बघा बरं. धुऊन निघालाय."

डोळा तळाशी जाऊन माईकडे बघत राहिला.

तेवढ्यात मी ताटलीतला एक बोळा उचलला आणि फोडला. आत काळ्या धाग्याचं छोटंसं वेटोळं होतं. दुसरा फोडला, त्यातही. तिसऱ्यातही. मी तिन्ही वेटोळी टेबलावर ठेवली.

"शिवायचा धागा आहे," मी म्हटलं. "ओल्या कापसात चिकटून राहतो. पाण्यात मीठ जास्त आहे, म्हणून डोळा चुरचुरतो आणि मिटतो. तेवढ्यात वेटोळं पापणीत सरकवायचं आणि टोक धरून ओढायचं. एवढंच."

मला वाटलं होतं, आता गोंधळ होईल. लोक माईला जाब विचारतील. झालं ते असं. खुर्च्या लावणारा एक धिप्पाड भक्त उठला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "अहो, विचार करा! माईनं काचेच्या डोळ्यातूनसुद्धा जाळं काढलं!"

आणि लोकांनी खरंच विचार केला. म्हणजे माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, "काचेतून! बापरे." दुसरा म्हणाला, "श्रद्धा तपासायला येऊ नये माणसानं." माईनं हात पुसले आणि शांतपणे सांगितलं, "पुढचा."

काज-बटणवाली मुलगी टेबलावरच्या वेटोळ्यांकडे बघत होती. धागा तिच्या रोजच्या हाताखालचा. मी तिच्याजवळ वाकून म्हटलं, "डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर. आत्ता." ती हळूच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येते हं. आज नंबर लागलाय." आणि खुर्चीत जाऊन बसली.

काकांनी डोळा खिशातल्या रुमालात गुंडाळला. जिना उतरताना म्हणाले, "मजा आली. उपयोग काही नाही झाला."

चिमट्या खाली चपलांच्या दुकानासमोर उभा होता. माझ्यावर चिडलेला दिसत नव्हता. नुसताच दमलेला दिसत होता.

"पाहिलंस ना?"

"पाहिलं. तुला काय वाटतं ताई, मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं? केसापेक्षा बारीक तारा उचलतो मी रोज. तो शिवायचा धागा आहे हे मला तिनं तो ओढला तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? निवळलं ना! धागा खोटा असेल, माई खोटी असेल. पण मला दिसतंय ते तर खरं आहे?"

मी माईला खोटं पाडलं होतं, त्याच्या डोळ्याला नाही.

"त्या दिवशी आई पैसे भरायला बाहेर गेली तेव्हा त्या डॉक्टर मला काय म्हणाल्या माहीत आहे?" तो पुढे बोलत राहिला. "लेसरनं पडद्यावर डाग देणार. शेकड्यांनी. कडेकडेचं थोडं कमी दिसेल, अंधारात कमी दिसेल. दुखेलही. माई म्हणाली, सगळं दिसेल. तू माझ्या जागी असतीस तर कुणाकडे गेली असतीस?"

त्याला नवीन माहिती देऊन उपयोग नव्हता, माहिती त्याच्याकडे होती. त्याला हवा होता एखादा पुरावा, जो माझ्या तोंडून नाही, त्याच्या डोळ्यातूनच येईल. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून एक गोष्ट विचारली. त्या म्हणाल्या, तासभरानं काही बिघडणार नाही, पण नंतर लगेच घेऊन या.

रविवारी दुपारी मी म्हटलं, "चिमट्या, पैज लावतोस?"

"कसली?"

"इतके दिवस तू आडवा झालेला नाहीस. आता तासभर उताणा पड, उशी न घेता. उठलास की डाव्या डोळ्यात धूर परत दिसेल. मग नुसता बसून राहा. माई नाही, पाणी नाही, धागा नाही. संध्याकाळपर्यंत तो आपोआप जाईल. आणि जाताना तुला तो खाली जाताना दिसणार नाही. वर जाताना दिसेल."

"वर?"

"वर."

"गाळ कधी वर जातो का? पाणीखात्यात हेच शिकवतात?"

"डोळ्याच्या आत चित्र उलटं पडतं. खालची सावली पडद्याच्या खालच्या भागावर पडते, आणि तो भाग आपल्याला वरचं दाखवतो. रक्त खरोखरच खाली बसत असेल, तर तुला ते वर चढताना दिसायला हवं. माझं खोटं ठरलं तर मी सगळ्या गल्लीसमोर माईची माफी मागेन."

"आणि खरं ठरलं तर?"

"तर उद्या सकाळी दवाखाना."

त्यानं सतरंजी अंथरली आणि पुन्हा गुंडाळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, याला भीती वाटतेय. माईच्या शापाची नाही. आत काय आहे ते दिसण्याची.

"आई ओरडेल," तो म्हणाला.

"आई ओरडणारच आहे," आई दारातून म्हणाली. "पड तू. मलाही बघू दे."

तो उताणा पडला. मी त्याच्या डोक्याशी बसले. मधेच त्यानं विचारलं, "झोप लागली तर चालेल का?" मी म्हटलं, "घोरलास तर पैज रद्द." आई म्हणाली, "गप्प बसा दोघं." तास संपला तसा तो सावकाश उठून बसला, भिंतीकडे तोंड केलं आणि उजवा डोळा झाकला.

आई दारातून पुढे आली.

"आहे," तो म्हणाला. "चहा ढवळल्यासारखं. तपकिरी."

आईनं तोंडावर हात दाबला.

"बसून राहा," मी म्हटलं.

तो खुर्चीत ताठ बसला, पांढऱ्या भिंतीवर डोळा लावून. आईनं चहा केला, त्यानं तो बिनसाखरेचा चहा न बघता प्यायला. उन्हं कलली. मग त्याचा हात हळूहळू उचलला गेला. बोटानं तो हवेत काहीतरी दाखवत होता, जे फक्त त्यालाच दिसत होतं.

"वर चाललंय," तो म्हणाला. "ताई, खरंच वर चाललंय गं. खालून मोकळं होतंय."

आजवर मी कितीतरी प्रयोग केलेत. बरोबर ठरल्यावर इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

"म्हणजे ते गेलंच नव्हतं," तो म्हणाला. "आतच होतं. मी निवांत बसलो होतो, आणि ते आतच होतं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या बाहुल्या थेंबांनी मोठ्या केल्या आणि दोन्ही डोळे तपासले. डाव्यात कच्च्या वाहिन्यांचं झुडूप होतंच. उजव्यातही फुटवे आले होते.

"पण या डोळ्यानं मला सगळं स्वच्छ दिसतं," चिमट्या म्हणाला.

"म्हणूनच तो वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लेसरच्या त्या खोलीत काहीही अद्भुत नव्हतं. हनुवटी टेकवायची पट्टी, कपाळाला पट्टा, हिरवट प्रकाशाचे टिचकी मारल्यासारखे ठोके. चिमट्यानं माझं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठले. बाहेर आल्यावर त्याला काहीच धड दिसत नव्हतं आणि डोकं ठणकत होतं. अशा अनेक खेपा झाल्या. दोन खेपांच्या मधे एकदा पुन्हा थोडं रक्त सांडलं आणि आईनं रात्रभर माझ्याकडे बघितलं नाही. ते निवळलं, आणि आम्ही गेलो.

तिथेच एकदा बाकावर ती काज-बटणवाली मुलगी भेटली. भावजय तिचा हात धरून बसली होती. "तिसऱ्यांदा निवळलंच नाही हो," ती म्हणाली. पडदा ओढला गेला होता. ऑपरेशन ठरलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी कसलाही शब्द दिला नव्हता. मी तिला काय म्हणणार होते? मी तुला सांगितलं होतं, असं? ते वाक्य कोणाचाही डोळा वाचवत नाही. दुसऱ्या डोळ्याचं लेसर लवकर करून घे, एवढंच म्हटलं. ते ती करून घेत होती.

सगळ्या खेपा संपल्या तेव्हा चिमट्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आता आधीपेक्षा चांगलं दिसेल ना?"

"नाही. आज जेवढं दिसतंय तेवढं दिसत राहावं, यासाठी हे सगळं. शुगर सांभाळ आणि दर काही महिन्यांनी दाखवत जा."

"म्हणजे उपचार यशस्वी झाला हे कळणार कसं?"

"काहीच होणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यावरून कळेल."

तसंच झालं. काहीच झालं नाही. चिमट्याला तिन्हीसांजेला जिने चाचपडत उतरावे लागतात, आणि भिंगाखालच्या बारीक तारा तो अजून अचूक उचलतो. याला चमत्कार म्हणून कोणी बाटलीत घालून फिरवणार नाही. न फुटलेली रक्तवाहिनी कोणाला दाखवता येत नाही. माईचा हॉल मात्र अजून भरतो. त्या जिन्यावरून येताजाता मी सांगते. काही जण ऐकतात, बरेचसे नंबर जाईल म्हणून ऐकत नाहीत.

म्हणून इथे सांगते. कोणी काही केलं आणि त्यानंतर बरं वाटलं, तर एक प्रश्न विचारायला विसरू नका. ते केलं नसतं तर काय झालं असतं? आणि जे बरं झालं असं वाटतंय, ते गेलंय की नुसतं खाली बसलंय? ज्यांना शुगर आहे त्यांनी, मग वय कितीही कोवळं असो, वर्षातून एकदा तरी बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्यावा. आंधळं होण्याच्या भीतीनं नव्हे. दिसतंय, तोवर.